बिबट्या शाळेत नाव घालायला आला

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुख्याध्यापकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचं पत्रक होतं. सगळ्या शाळेनं मिळून एकच गोष्ट लिहायची. पटावरच्या प्रत्येक मुलाचा त्यात हात हवा, पहिलीतल्यापासून सातवीतल्यापर्यंत.

"हे तुमचंच काम, सर," ते म्हणाले. "तुम्ही तर जिंकलेला माणूस."

"पार्टी आत्ताच घेऊन ठेवा राव," दुसरे शिक्षक म्हणाले. "बक्षीस मिळाल्यावर हे वळखायचे नाहीत आपल्याला."

मीही हसलो. मग मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. समोर पारगावच्या कारखान्याकडे जाणारा ऊस डोक्याइतका वाढला होता. पोरं भात खाऊन ताटल्या धूत होती, त्यांचा कलकलाट ऐकू येत होता. शाळेची घंटा झाली तरी मी तिथंच होतो.

मी जिंकलेला माणूस नाही. मागे याच स्पर्धेच्या वेळी काय झालं ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यात होतो, डिंगोऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. त्याआधी मढच्या बाजूला नऊ वर्षं काढलेली. तिथल्या पावसानं हाडं भिजली होती, म्हणून बदली मागून घेतली. नव्या शाळेत तीन शिक्षक आणि त्रेचाळीस मुलं. मला साहित्याची आवड. आवड म्हणजे मी कविता करायचो, दिवाळी अंकांना पाठवायचो, आणि उत्तराच्या पाकिटावर मीच लावलेलं तिकीट घेऊन त्या परत यायच्या. पुढे तर त्या परतही येईनात. हे सगळं तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच की, सूत्रसंचालन करायचं असलं की मला बोलवायचं.

ते पत्रक पहिल्यांदा आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. नियम सोपे होते. एक वही. ती एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाणार. ज्याच्या हातात येईल त्यानं आधीचं सगळं वाचायचं आणि पुढचं आपल्या मनानं, आपल्या अक्षरात लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं चित्र काढायचं. शिक्षकांनी फक्त वही फिरती ठेवायची. बक्षीस म्हणजे पुस्तकांनी भरलेलं एक कपाट, आणि शिवाय ती गोष्ट छापून तिचं पुस्तक होणार, त्यात प्रत्येक मुलाचं नाव.

मी दोनशे पानी वही आणली, खाकी कव्हर घातलं आणि सातवीच्या मुलांपुढे ठेवली.

"कशावर लिहायचं सर?"

"तुम्हीच ठरवा."

"बिबट्या!" सगळा वर्ग ओरडला. दुसरं काही सुचणारच नव्हतं त्यांना. उसातून घरी जाताना ती पोरं चार-चारच्या घोळक्यानं, मोठमोठ्यानं गाणी म्हणत जायची, ती काही आनंदानं नव्हे. पहिलं वाक्य एका मुलीनं लिहिलं. "एकदा एक बिबट्या शाळेत नाव घालायला आला."

वही फिरायला लागली आणि पोरं चेकाळली. ज्याच्या हातात ती असेल त्याच्याभोवती मधल्या सुट्टीत गर्दी.

"ये, वाच की मोठ्यानं!"

"थांब रं, आधी लिवू दे मला."

"तू काय लिवणार, तुला बिबट्या म्हंजी मांजर वाटतंय."

"मांजरच हाय ते. फक्त लई खाल्लेलं."

गोष्टीत मुख्याध्यापकांनी बिबट्याला दाखला मागितला. मग आधार कार्ड मागितलं. बिबट्या म्हणाला, माझ्या पंजाचे ठसे मशीन घेत नाही. मोठे सर म्हणाले, हरकत नाही, आमचा पट कमी आहे, बस तू. बिबट्या पहिल्या बाकावर बसला, आणि पहिल्या बाकावरची सगळी मुलं शेवटच्या बाकावर गेली. खिचडी वाढली तेव्हा त्यानं वाढणाऱ्या मावशींना विचारलं, यात कोंबडी कधी असते. पहिलीतल्या एका चिमुरडीनं आपल्या बहिणीकडून लिहून घेतलं, "बिबट्या लघवीला एकटाच जातो, त्याला भ्या वाटत नाही." आणि चौथीतल्या एकानं लिहिलं होतं, "सर मोबाईल बघत होते म्हणून त्यांना बिबट्या दिसला नाही."

या शेवटच्या वाक्याशी मी अडखळलो. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही असं स्वतःला सांगितलं. घेतलं होतं.

वही सगळ्यांत शेवटी सातवीतल्या एका मुलीकडे आली. ती पटावर शेवटची होती. बारीक, सावळी, वर्गात फारशी न बोलणारी. तिच्या आईला दीड वर्षापूर्वी बिबट्यानं धरलं होतं. भर दुपारी, कांदा खुरपताना. शेजारच्या वावरातले लोक पत्रे वाजवत धावले म्हणून ती वाचली. कानापासून जिवणीपर्यंत टाके पडले, आणि एक डोळा ओढल्यासारखा झाला. त्यानंतर ती बाई घराबाहेर पडेना. बिबट्याची भीती होतीच, पण तिला खरा त्रास माणसांचा होता. तिला तिच्या नावानं हाक मारायचं गावानं सोडून दिलं होतं. "ती बिबट्यानं धरलेली", एवढंच. हळदीकुंकू नाही, बाजार नाही, शाळेच्या पालक सभेला तर नाहीच.

त्या मुलीनं वही दोन दिवस घरी ठेवली. परत दिली तेव्हा म्हणाली, "सर, हे पान लोकांपुढं वाचायचंय ना?"

"निवड झाली तर, हो. गावात कार्यक्रम होईल."

"मी आईला सांगितलंय. ती म्हणली, तू वाचणार असशील तर मी येईन."

"अरे वा," मी म्हणालो. तेव्हा माझं लक्ष हजेरीत होतं.

तिचं पान असं होतं.

"बिबट्या माझ्या बाकावर बसला. मी सरकले नाही. मी त्याला विचारलं तू माझ्या आईला का धरलं. तो म्हणाला मला बाई दिसली नाही. खाली वाकलेलं काहीतरी दिसलं. मला वाटलं शेळी हाय. मी म्हणले शेळी कांदा खुरपते का. मग तो गप बसला. मग म्हणाला मी माफी मागायला येतो. मी म्हणले ये पण दिवसा ये आणि दारातनं ये. आमची आई आता कुणापुढं येत नाही पण तुझ्यापुढं येईल. कारण तिच्या तोंडाकडं बघून दचकणार नाही असा तू एकटाच."

मी हे वाचलं आणि वही मिटली. काहीतरी लागलं, हे खरं. पण लगेच दुसरा विचार आला, आणि तोच माझा खरा विचार होता. हे बरोबर दिसणार नाही. परीक्षक काय म्हणतील? लघवी, कोंबडी, मोबाईल बघणारे सर, पट वाढवायला बिबट्याला घेणारे मुख्याध्यापक, अशुद्ध भाषा, आणि शेवटी हे असं अंगावर येणारं. त्याच आठवड्यात तालुक्याच्या बैठकीत गटशिक्षणाधिकारी साहेब सहज म्हणाले होते, "तुमच्याकडून अपेक्षा आहे हं, तुम्ही लिहिणारे आहात." मला कुणीतरी लिहिणारा म्हटलं होतं.

शनिवार-रविवारात मी गोष्ट लिहिली, सगळी. नदीकाठचं सुंदर गाव, उसात हरवलेलं बिबट्याचं पिल्लू, त्याला आईकडे पोचवणारी मुलं, आणि शेवटी निसर्गाचा संदेश. सोमवारी नवीन वही आणली, खाकी कव्हर घातलं, आणि त्रेचाळीस मुलांना त्रेचाळीस तुकडे वाटले. मोठ्यांना फळ्यावर लिहून दिलं, उतरवून घ्या म्हणालो. आमच्या शाळांत हे नवं नव्हतं. प्रदर्शनाचे तक्ते, हस्तलिखित, साहेब येणार म्हणून लिहिलेले निबंध, सगळं असंच होतं. फळा पुसला की झालं. मुलांनाही त्याचं काही वाटायचं नाही.

या वेळी मात्र वाटलं. चौथीतला तो म्हणाला, "सर, आमचा बिबट्या कुठं गेला?"

"हाच तो बिबट्या. चांगला केलाय."

"याला तर शाळाच नाय."

मी आणखीही एक गोष्ट केली. लहानांच्या तुकड्यांत मुद्दाम थोड्या चुका घातल्या. दुसरीतल्या एका मुलीनं शब्द बरोबर लिहिला, तर तिला खोडायला लावला. कारण नियमात होतं की मुलांनी स्वतः लिहायचं, आणि ते स्वतः लिहिल्यासारखं दिसायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. वर्षभर मी तिला हेच तर शिकवत होतो की असं लिहायचं नाही.

शेवटचा तुकडा सातवीतल्या त्या मुलीला दिला. तो मीच मनापासून लिहिला होता. "बिबट्या आपला शत्रू नसून निसर्गाच्या साखळीतील एक सुंदर दुवा आहे. त्याचे घर आपण हिरावून घेतले. म्हणून आपणच त्याची क्षमा मागितली पाहिजे."

तिनं तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"सर, माझं पान?"

"तुझं पान छान होतं. पण गोष्टीत बसत नाही."

"मग आईला काय सांगू?"

वर्गात गोंधळ चालला होता, मला वही आजच पूर्ण करायची होती. मी म्हणालो, "सांग की, तुझं पान आहे म्हणून. शेवटचंच आहे. सगळ्यात महत्त्वाचं."

तिनं मान हलवली आणि माझी वाक्यं वळणदार अक्षरात उतरवून दिली. एवढ्या मुलांमध्ये चांगलं अक्षर तिचंच होतं.

पहिल्या फेरीत आमची वही निवडली गेली. मग पुण्याहून दोन परीक्षक शाळा बघायला आले. त्यांतल्या बाई मुलांमध्ये खाली सतरंजीवर बसल्या, गोड बोलल्या. प्रत्येकाला विचारत होत्या, हे कसं सुचलं, हे कुठून आलं. मुलं "असंच" म्हणत होती. चौथीतला तो माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवून बसला होता. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. बाई शेवटच्या पानाशी आल्या.

"हे कुणी लिहिलंय? क्षमा मागितली पाहिजे, हे?"

ती उभी राहिली.

"किती मोठा विचार आहे हा! हे तुला कुणी सांगितलं का, की तुझं तुलाच वाटलं?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. फार तर श्वासभर. मग बाईंकडे बघून म्हणाली, "मॅडम, माझ्या आईला बिबट्यानं धरलं व्हतं. तरी मला तसंच वाटतं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला जवळ घेतलं. दुसरे परीक्षक माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "सर, काय संस्कार आहेत तुमचे." आणि मी मान हलवली. मी "नाही" म्हणू शकलो असतो. त्या क्षणी कुणी माझा हात धरला नव्हता. बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं मला वाचवायला आपल्या आईची जखम पुढे केली आणि मी ती घेतली.

बक्षीस मिळालं. ते त्या वाक्यामुळेच मिळालं, निकालपत्रात तसं लिहिलं होतं.

कार्यक्रम शाळेच्या अंगणात झाला. मांडव, सतरंज्या, सरपंच, साहेब, लाल फीत बांधलेलं कपाट. माझ्या सदऱ्याला इस्त्री होती. मी सूत्रसंचालन करत होतो, तेवढ्यात बायकांमध्ये जरा हालचाल झाली. त्या मुलीची आई आली होती. डोक्यावरून पदर, तो एका बाजूनं गालावर ओढून दातात धरलेला. बायकांनी सरकून जागा दिली, जरुरीपेक्षा जास्तच. ती कडेला बसली. तिच्या शेजारच्या बाईनं विचारलं असावं, कारण मला ऐकू आलं, "पोरीनं लिहलंय. त्यात मी हाय."

मुलं एकेक करून आपला तुकडा वाचून गेली. मी माईकशी उभा होतो. तिची पाळी आली. तिनं छापून आलेलं पुस्तक उघडलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. पाठच होतं. "बिबट्या आपला शत्रू नसून..." मी आईकडे बघत होतो. ती ऐकायला किंचित पुढे झुकली होती. पदर दातांतून सुटला होता, तिच्या लक्षातही नव्हतं. "त्याचे घर आपण हिरावून घेतले." ती अजून वाट बघत होती. "म्हणून आपणच त्याची क्षमा मागितली पाहिजे." मुलगी खाली बसली. टाळ्या झाल्या. आईनं इकडेतिकडे पाहिलं, जणू आणखी काही राहिलंय. मग पदर पुन्हा ओढून घेतला.

पोहे वाटत होते तेव्हा ती माझ्यापाशी आली.

"गुरुजी, लई शुद्ध लिहलंय."

"हो, मुलीनं छान वाचलं."

"पण ती म्हणली व्हती, त्यात मी हाय." ती माझ्या पायांकडे बघत बोलत होती. "मी कुठं हाय त्यात?"

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, "आहात की. भाव तोच आहे."

"बरं," ती म्हणाली. पोह्यांची पुडी तिनं घेतली नाही. तिची पोर कपाटाभोवतीच्या गर्दीत होती. तिला न बोलवता ती एकटीच उसाच्या कडेनं घरी गेली. त्यानंतर मी आणखी दोन वर्षं त्या गावात होतो. ती शाळेकडे कधी फिरकली नाही.

मग मी बदलीनं आंबेगावात आलो. पहिली वही मी टाकली नव्हती. का नाही, ते नीट सांगता येणार नाही. ती पत्र्याच्या पेटीत, सेवापुस्तकाच्या झेरॉक्सखाली पडून होती. ते पत्रक पुन्हा आलं त्या संध्याकाळी मी ती काढली. कव्हर वाळवीनं कुरतडलं होतं. आतलं सगळं शाबूत होतं. मी खाटेवर बसून वाचत गेलो आणि चार-पाच ठिकाणी मोठ्यानं हसलो. बायको दारात येऊन म्हणाली, "काय झालं?" मी शेवटच्या पानाशी पोचलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती पोरगी कुठंय आता?"

ती पुण्यात नर्सिंग करत होती. नंबर मिळवायला दोन दिवस लागले आणि फोन लावायला आठ. तिनं आवाज लगेच ओळखला.

"सर! बरे आहात ना?"

मी अडखळत सांगितलं की वही माझ्याकडे आहे. मग विचारलं, "त्या दिवशी बाईंना तू तसं का सांगितलंस?"

"कपाट येणार व्हतं ना सर. पहिलीतली पोरं रोज विचारायची, कपाट कधी येणार." मग म्हणाली, "आणि तुमी लई घाबरलेले दिसत व्हता."

मी म्हणालो, ती वही तुझ्या आईला नेऊन द्यावी म्हणतो. ती म्हणाली, "आईलाच विचारा. ती काय म्हणंल ते."

रविवारी मोटारसायकल काढून जुन्या गावी गेलो. तिची आई घरी नव्हती, वावरात होती. नवऱ्याच्या पाठीचं दुखणं निघाल्यापासून तिलाच शेतात जावं लागतं, असं शेजाऱ्यानं सांगितलं. ती कांद्याच्या रोपांत वाकून खुरपत होती आणि तिच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. आता आमच्याकडे पुष्कळ बायका तसा पट्टा घालूनच वावरात जातात, टोकं बाहेर काढलेला, बिबट्याला मान धरता येऊ नये म्हणून. पदर कमरेला खोचलेला. चेहरा उघडा. वण आता मातीच्याच रंगाचा झाला होता.

"या गुरुजी," ती सरळ होत म्हणाली. "लांबनं हाक मारली ते बरं केलं. नायतर खुरपं बसलं असतं."

मी वही पुढे केली. तुमच्या मुलीचं पान आहे म्हणालो, त्या वेळी पुस्तकात यायचं राहिलं ते. पुन्हा खोटं. "राहिलं" नव्हतं ते.

तिनं वहीला हात लावला नाही, हात मातीचे होते. "ते पान? ते तिनं कार्यक्रमाच्या दिवशीच घरी आल्यावर मला म्हणून दाखवलं. पाठ व्हतं तिला. रडली, म्हणली, आई, सर म्हणले ते बसत नाय."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं.

"मग मी वाचून दाखवू का?"

"मला कशाला?" ती म्हणाली. "मी ऐकलंय. ज्यांनी ते दुसरं ऐकलं, त्यांना वाचून दाखवा."

मी जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटलो. तरुण आहेत, नव्यानं आलेल्या. त्यांना मी सांगितलं की माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेली एक जुनी गोष्ट मुलांना वाचून दाखवायची आहे. त्या म्हणाल्या, "या की, शनिवारी दप्तर नसतं, पालकांनाही सांगते." मी काय केलं होतं ते त्यांना सांगितलं नाही. परत येताना माझ्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. नुसतं वाचायचं, कुणाला काही कळायला नको. घोडेगावच्या घाटात माझ्या लक्षात आलं की मी शीळ घालतोय.

मुलीला फोन करून कळवलं. "वाचा सर," ती म्हणाली. "फक्त मधे काही दुरुस्त करू नका." मी म्हणालो, छे, छे. पण हे सगळं लिहिताना वर तिचं पान उतरवलं, तेव्हा माझा हात दोन ठिकाणी गेलाच होता. "हाय"चं "आहे" केलं होतं आणि शेवटचं वाक्य जरा गोल केलं होतं. ते खोडून पुन्हा तिचं ठेवलं आहे.

शनिवारी तीसेक मुलं सतरंजीवर बसली. दहा-बारा पालक आले होते, त्यांतले बरेच त्या कार्यक्रमालाही होते. कपाट भिंतीशी उभं होतं, त्यावर माझ्या नावाची पाटी तशीच होती. फीत कधीच गेली होती, पुस्तकं वापरून फाटली होती. मुलीची आई आली आणि दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तर नको म्हणाली.

मी वाचायला लागलो. आधार कार्डाशी मुलं हसली. लघवीशी तर लोळली. "सर मोबाईल बघत होते" याला पालकही हसले, आणि मीही, पण माझं हसू फार टिकलं नाही. शेवटचं पान आलं. मी एकेक शब्द तसाच वाचला. "...असा तू एकटाच." संपलं. मी वही मिटली आणि वाटलं, झालं, निभावलं.

पुढे बसलेल्या एका लहान मुलीनं विचारलं, "मग आला का तो? माफी मागायला?"

मुलांच्या लक्षात आलं असावं की ही बाई कोण, कारण सगळी मागे वळून दाराकडे बघायला लागली. ती चौकटीला टेकून उभी होती. चेहरा उघडा होता आणि कुणी दचकलं नाही.

"अजून तरी न्हाई," ती म्हणाली.

ती मुलांशी बोलत होती, पण बघत माझ्याकडे होती. मला खाली बसावंसं वाटलं. खुर्ची मागेच होती. मी उभाच राहिलो, आणि मुलांना सांगायला सुरुवात केली की ही गोष्ट पुस्तकात का नाही, कपाटावरच्या पाटीवर माझं नाव कशामुळे आहे, आणि त्या कार्यक्रमात या बाई कशासाठी आल्या होत्या.